शालूचे धुणे आणि विहिरीचे पाणी

दिवाळी तोंडावर आली की ट्रंकेतला शालू बाहेर निघतो, आणि त्यावर डाग दिसलाच तर त्याची रवानगी ड्राय-क्लीनिंगच्या दुकानी होते. पाणी न लावता डाग घालविणाऱ्या या धुलाईत जगभर फार वापरला गेलेला द्रव म्हणजे परक्लोरोएथिलीन. मायकेल फॅराडेने तो १८२१ साली प्रथम तयार केला. विसाव्या शतकात त्याने हा धंदा काबीज केला.

डाग गेला, पण डाग काढणारा द्रव कोठे गेला, हे बरीच वर्षे कोणी पुसले नाही. हा द्रव पाण्याहून जड. सांडला की जमिनीत झिरपतो, भूजलाच्याही खाली उतरतो आणि वर्षानुवर्षे विहिरी नासवीत राहतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ऑस्कोडा येथे, एका जुन्या ड्राय-क्लीनिंगच्या जागेखालचे पाणी असेच नासले होते.

उपायाचा धागा सापडला तो मात्र सांडपाण्याच्या गाळात! कॉर्नेल विद्यापीठातील फ्रीडमन व गॉसेट यांनी १९८९ साली दाखविले की, हवेवाचून वाढणारे जंतू या द्रवाच्या रेणूतील क्लोरीनचे चार अणू एकामागून एक काढतात आणि अखेर एथिलीन उरते. आढीतले आंबे पिकताना सोडतात तोच हा वायू! १९९७ साली इथाका गावच्या गाळातला असा एक जंतू शास्त्रज्ञांनी वेगळा काढल्याचे जाहीर झाले. आपण श्वसनाला प्राणवायू वापरतो, तशी तो क्लोरीनयुक्त द्रव्ये वापरतो.

परंतु खरी मेख पुढेच होती. चारांपैकी तीन अणू निघाले की उरते ते व्हिनाइल क्लोराइड. ते कर्करोग उत्पन्न करणारे, मूळ द्रवाहूनही घातकी. इथाकाचा जंतू नेमका या शेवटच्या पायरीवर रेंगाळे. अर्धे धुणे न धुण्याहून वाईट, अशी गत!

ती पायरी ओलांडणारा भाऊबंद ऑस्कोडाच्याच नासक्या भूमीत निघाला. फ्रँक लोफ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या जंतूची हकीकत प्रसिद्ध केली: व्हिनाइल क्लोराइड हाच त्याचा जगण्याचा आधार. तेथे झालेल्या प्रयोगात त्याच भूमीतल्या जंतूंचे विरजण आणि त्यांच्या पोषणासाठी लॅक्टेट, म्हणजे दह्यातल्या आम्लाचा क्षार, जमिनीत सोडले, आणि पाण्यात एथिलीन दिसू लागले.

म्हणून अशा जागी मूळ द्रव नाहीसा झाला एवढ्यावर जाणकार समाधान मानीत नाहीत; पाण्यात एथिलीन आले का, हे ते आधी पाहतात. आपल्या घरच्या आजीही घासलेले भांडे उजेडात धरून पाहिल्याखेरीज फळीवर कोठे ठेवीत?