'निराश्रित', 'बहिष्कृत', 'प्रबुद्ध' : नावांचे व्याकरण आणि चर्चाविश्व

१९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. संस्थेचे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' असे होते. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी त्याच शहरात संस्था काढली आणि तिला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' हे नाव दिले. दोन्ही नावे बहुतांशी एकाच जनसमूहाविषयी बोलतात आणि दोन्हींत त्याच्या भल्याची भाषा आहे. भाषा म्हणजे समाजाचे प्रतिबिंब, या मराठी समीक्षेत रुळलेल्या कल्पनेने पाहिले, तर या दोन नावांत फारसा फरक करता येणार नाही. वस्तुस्थिती एकच, शब्द दोन, असे म्हणून सोडून द्यावे लागेल. पण निराश्रिताला कोणी आश्रय दिला की प्रश्न मिटतो. बहिष्कृताच्या बाबतीत मात्र त्याला बहिष्कृत केले कोणी, हा प्रश्न आधी उभा राहतो.

हा फरक पकडण्यासाठी 'डिस्कोर्स' ही संकल्पना उपयोगी पडते. तिला मराठीत 'संभाषित', 'प्रोक्ती', 'चर्चाविश्व' असे पर्याय योजले जातात. त्यांपैकी 'चर्चाविश्व' हा येथे सोयीसाठी स्वीकारला आहे. मोकळ्या चर्चेचा जो आभास त्यात आहे तो मूळ संकल्पनेला पोषक नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. झेलिग हॅरिस यांनी १९५२ साली ही संज्ञा वापरली ती वाक्यापलीकडील भाषिक रचनेचे विश्लेषण करण्यासाठी. समाज तेथे पार्श्वभूमीलाच होता. मिशेल फूको यांनी २ डिसेंबर १९७० रोजी कोलेज द फ्रान्समध्ये दिलेल्या उद्घाटनपर व्याख्यानात मात्र प्रश्नच बदलला. काय बोलता येते, कोणाला बोलता येते, कोणाचे बोलणे बोलणे म्हणून मोजले जात नाही, या नियमनाकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याच्या कितीतरी आधी, १९२९ साली, लेनिनग्राडमध्ये व्होलोशिनोव्ह यांनी असे मांडले होते की एका भाषिक समूहातील निरनिराळे वर्ग एकच चिन्ह वापरतात आणि म्हणूनच ते चिन्ह संघर्षाची जागा होते. १९७९ साली रॉजर फाउलर, हॉज, क्रेस व ट्रू यांनी या विचाराला व्याकरणाची जोड दिली. कर्मणी रचनेतून कर्ता गाळला की कृत्य उरते आणि जबाबदारी नाहीशी होते, हे त्यांनी वृत्तपत्रीय इंग्रजीच्या आधारे दाखविले. संस्कृत कृदन्तांवर पोसलेल्या मराठीच्या बाबतीत तर ही तपासणी अधिकच फलदायी ठरावी.

'अस्पृश्य' हा शब्द घेऊ. 'स्पृश्य' हे कृत्यप्रत्ययान्त विशेषण. स्पर्श करण्यास योग्य असा त्याचा अर्थ. नकार लागताच अयोग्यता ही त्या माणसाचा गुणधर्म होऊन बसते. स्पर्श न करणारा कोणी आहे, त्याने तसे ठरविले आहे, याचा मागमूस शब्दात राहत नाही. 'निराश्रित' रूपाने क्तान्ताच्या जवळचा असला तरी 'निर्'मुळे तो अभाव सांगतो. अभावाला कर्ता नसतो; दाता मात्र असू शकतो. म्हणूनच दयेच्या चर्चाविश्वात हा शब्द सहज सामावतो. शिंदे यांच्या कार्याचे मोल याने उणे होत नाही. अस्पृश्यतेचा इतिहास धुंडाळणारा त्यांच्यासारखा अभ्यासक त्या पिढीत दुर्मीळच होता. पण संस्थेचे नाव वर्गणीदारांना उद्देशून होते, ज्यांच्यासाठी संस्था होती त्यांना नव्हे. 'बहिष्कृत' हे भूतकाळवाचक कर्मणी विशेषण. कृत्य घडून गेले आहे. कर्ता अनुक्त असला तरी अध्याहृत आहे. फाउलर प्रभृतींचा सिद्धान्त येथे उलटा फिरतो. गाळलेला कर्ता येथे लपत नाही. वाचकाला तो शोधावा लागतो आणि पुष्कळदा तो वाचक स्वतःच असतो.

नावांचा हा प्रवास आंबेडकरांच्या नियतकालिकांत सर्वांत स्पष्ट दिसतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. त्याला शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य होते. शीर्षकातच एक पेच आहे. मुक्यांचा नायक बोलतो; तो बोलला की मुके मुके राहतात काय? ज्यांना तो मूक म्हणतो ते घरात, वाड्यावस्त्यांत, जलशांत आणि कीर्तनांत बोलतच होते. मूकत्व होते ते छापील मराठीच्या चर्चाविश्वात. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने स्वीकारली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. वगळण्याच्या ज्या प्रक्रिया फूको पुढे मांडणार होते, त्यांचे इतके साधे, व्यवहारातले उदाहरण त्यांच्या व्याख्यानातही सापडणार नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली वंचिताला बोलता येते काय असा प्रश्न विचारला आणि बोलणे व ऐकले जाणे यांतील अंतर दाखविले. मराठीत त्या अंतराला एका पाक्षिकाच्या नावाने ६८ वर्षे आधी वाचा दिली होती. मराठी अभ्यासक स्पिव्हाक यांचा प्रश्न आयात माल म्हणून वापरतात, याचे म्हणूनच आश्चर्य वाटते.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले, महाडच्या चवदार तळ्यावरील २० मार्चच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. ठरावाच्या भाषेला कृतीचे रूप येण्यास चार वर्षे लागली. या शीर्षकाचे वजन कळण्यासाठी 'बहिष्कार' या शब्दाचा तत्कालीन मराठी व्यवहार लक्षात घ्यावयास हवा. एकीकडे जातपंचायतीने वाळीत टाकणे हा त्याचा जुना अर्थ. दुसरीकडे स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने टिळकांच्या चतुःसूत्रीत बसलेला तो अभिमानाचा शब्द होता. राष्ट्रवादी मराठीत बहिष्कार घालणारा 'आपण' होता आणि परदेशी माल हे बहिष्काराचे कर्म. आंबेडकरांनी त्याच शब्दाचे क्तान्त रूप घेऊन ते थेट 'भारत' या विशेष्याला जोडले. त्यामुळे राष्ट्रवादी वाक्यातील कर्ता आरोपीच्या जागी आला. शिवाय येथे 'बहिष्कृत वर्ग' किंवा 'बहिष्कृत जाती' असे म्हटलेले नाही. राष्ट्राच्या आत वगळलेले एक राष्ट्र आहे, अशी ती प्रतिज्ञा आहे. व्होलोशिनोव्ह ज्याला चिन्हावरचा संघर्ष म्हणतात तो दोन शब्दांच्या या सामासिक जुळणीत संपूर्ण सामावला आहे.

'हरिजन' या नावाचा वाद बहुधा भावनेच्या पातळीवर मांडला जातो. तो रचनेचाही आहे. गांधींचे 'हरिजन' साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून निघाले. हा षष्ठी तत्पुरुष. संबंध हरीशी जोडला जातो आणि गावाशी असलेला संबंध वाक्याबाहेर जातो. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात हे नाव घालण्यात आले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी हरकत घेतली आणि ती डावलली गेल्यावर सभात्याग केला. ज्यांचे नाव ठरत होते त्यांचे प्रतिनिधी सभागृहात उपस्थित होते, बोललेही. नाव मात्र बहुमताने ठरले.

'दलित' या शब्दाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. मोल्सवर्थच्या कोशात तो दळलेल्या, तुकडे झालेल्या वस्तूचे विशेषण आहे. सामाजिक अर्थ तेथे नाही. (धातुपाठातील 'दल्' हा फुटणे, विदीर्ण होणे अशा अर्थाचा, पण 'दळणे' आणि 'दलन' यांच्या सहवासात वाढलेल्या मराठी कानाला 'दलित' कर्मणीच ऐकू येतो, आणि चर्चाविश्वाच्या दृष्टीने तेच निर्णायक आहे.) १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने शब्दाची व्याप्ती भूमिहीन, कामगार, आदिवासी आणि स्त्रिया यांच्यापर्यंत नेली. हा विस्तार कोशकाराने केलेला नव्हता. दळणारा कोण, याचे उत्तर बदलले म्हणून दळल्या जाणाऱ्यांची यादी बदलली. दलित साहित्यावरील मराठी समीक्षेने अनुभवाच्या अस्सलपणाची चर्चा उदंड केली. उच्चाराच्या या राजकारणाकडे तिचे त्या मानाने दुर्लक्षच झाले.

'समता' (१९२८) आणि 'जनता' (१९३०) ही नावे वरील क्रमात बसत नाहीत. त्यांत कोणी कोणाला काही केलेले नाही. ती कार्यक्रमाची नावे आहेत. परंतु ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले तेव्हा क्तान्त रूप परत आले. 'बहिष्कृत भारत' आणि 'प्रबुद्ध भारत' यांतील साम्य केवळ नादाचे नाही. विशेष्य तेच, प्रत्ययही तोच. पण येथे क्त कर्तरी अर्थाने आला आहे. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला. त्याला कोणी जागे केले हे विचारण्याची गरज व्याकरण ठेवत नाही. ऑक्टोबरमधील नागपूरच्या धम्मदीक्षेआधी आठ महिने कर्माने कर्त्याची जागा घेतली होती, निदान नावात.

राज्यसंस्थेचा शब्द 'अनुसूचित'. तोही कर्मणी क्तान्तच, आणि त्याचा कर्ता गूढ नाही : १९३६ च्या आदेशापासून सूची शासन करते. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या जूनमधील आदेशाचा हवाला देऊन, खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' असे म्हणण्याचा सल्ला दिला. शब्द कोणाच्या तोंडी आहे हा भेद असा सल्ला करू शकत नाही. निवेदकाने दुसऱ्याविषयी उच्चारलेला 'दलित' आणि कवीने स्वतःविषयी उच्चारलेला 'दलित' त्याच्या लेखी एकच. एका शब्दात दळणाऱ्याचा शोध होता, दुसऱ्यात सूची करणाऱ्याची सही आहे.