महाडचे दोन ठराव

महाडचे नाव निघाले की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारोंनी ओंजळी भरल्या, तो हा दिवस. त्याच्या मागेपुढे महाड नगरपालिकेने केलेल्या दोन ठरावांकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. १९२४च्या पहिल्या ठरावाने तळे अस्पृश्यांना खुले झाले. ४ ऑगस्ट १९२७च्या दुसऱ्या ठरावाने पहिला रद्द झाला. निवडून आलेल्यांच्या सभेने दिलेला हक्क त्याच सभेला काढून घेता येतो का, हा प्रश्न मला या दोन ठरावांत दिसतो. तो एकट्या महाडचा नाही, म्हणून आधी थोडे दूर जाऊ.

दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांचे ट्रान्सवाल हे प्रजासत्ताक होते. त्याच्या विधिमंडळाचे नाव फोल्क्सराड, म्हणजे लोकांची सभा. पण ‘लोक’ कोण, हे १८५८च्या राज्यघटनेनेच ठरवून टाकले होते: गोरे आणि काळे यांच्यात धर्मसंस्थेत वा राज्यात समता असणार नाही. या सभेच्या १८८५च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्व नाकारले आणि जमिनीच्या मालकीवर बंदी घातली. पुढे गांधीजी ज्या भेदभावाशी लढले, त्याची एक मुळी इथे आहे.

कायदा करण्यापूर्वी त्याचा मसुदा तीन महिने लोकांसमोर ठेवावा, असा घटनेचा दंडक होता. फोल्क्सराड तो टाळून साधे ठराव करी आणि त्यांनाच कायद्याचे बळ देई. १८९७मध्ये सरन्यायाधीश कोट्झे यांनी ब्राउन विरुद्ध लेड्स या खटल्यात सांगितले की घटनेशी विसंगत कायदे व ठराव तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. सभेने लगेच कायदा करून तो अधिकार नाकारला आणि १८९८मध्ये राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांनी कोट्झेंना पदावरून दूर केले. सभेचा शब्द अखेरचा ठरला.

मुंबई इलाख्यात ठरावाची गत नेमकी उलट होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. हा ठराव म्हणजे शिफारस होती. मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. १९२६च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान थांबवावे. तीन वर्षांत काय घडले, किंवा घडले नाही, ते या दुसऱ्या ठरावाच्या गरजेतूनच कळते.

महाड नगरपालिकेने १९२४मध्ये बोले ठरावाला अनुसरून तळे खुले केले. या कामात सुरबानाना टिपणीस यांचा वाटा मोठा. पण पुढची तीन वर्षे त्या पाण्याला कोणा अस्पृश्याचा हात लागला नाही. महाड हे बाजाराचे व कोर्टकचेरीचे गाव. दासगावच्या बाजूने, तसेच पोलादपूरच्या अंगाच्या डोंगरी गावांतून माणसे इथे कामाला येत. तळ्याभोवतीचा रस्ता नगरपालिकेचा होता, पण रस्त्यापलीकडची घरे सवर्णांची होती. कागदावरचा हक्क त्या घरांसमोरून चालत जाऊन वापरायचा होता.

म्हणून १९ व २० मार्च १९२७ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महत्त्वाची. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस यांच्या खटपटीतून ती भरली. डॉ. आंबेडकर त्याच वर्षी विधिमंडळाचे नेमलेले सदस्य झाले होते. ज्या सभेने ठराव केला तिचाच एक सदस्य तो पायी चालत अमलात आणत होता, ही गोष्ट मला सत्याग्रहाइतकीच अर्थपूर्ण वाटते. त्या दिवशी परतणाऱ्यांवर हल्ले झाले. मागाहून गोमूत्र-शेणाने तळे ‘शुद्ध’ केले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण न्यायालयाचा हुकूम मानून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला गेला. आता लढाई ठरावाची उरली नाही, रूढीची झाली. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे. खालच्या न्यायालयांत ते हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. निकालपत्र न्या. ब्रूमफील्ड यांचे, १९२२मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच.

निकालाचा आवाका मात्र नीट पाहिला पाहिजे. अनादी रूढी सिद्ध झाली नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. ती सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य म्हणून टिकली नसती का, या प्रश्नात शिरण्याची गरज त्याला पडली नाही. दहा वर्षांनी पाणी मिळाले, पण समतेचे तत्त्व अजून कायद्यात नव्हते.

ते १९५०मध्ये आले. राज्यघटनेच्या कलम १५मध्ये सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख आहे. बोले ठरावाची भाषा तिथे जवळजवळ ओळखू येते. फरक इतकाच, की आता ती शिफारस नाही, मूलभूत हक्क आहे. कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरेल, आणि कायदा या शब्दात रूढीही मोडते. कोट्झेंना जो अधिकार वापरल्याबद्दल पद गमवावे लागले, तो इथे न्यायालयांकडे आहे. महाडच्या वादींनी जिचा आधार घेतला, ती रूढीही त्याच कसोटीखाली आली.

ट्रान्सवालमध्ये सभा बलवान होती, आणि सभेबाहेर ठेवलेल्यांना दाद मागायला जागा उरली नाही. मुंबईत सभेचा हेतू चांगला होता, पण त्यामागे बळ नव्हते. महाडात तर बहुमत फिरताच हक्कही गेला. हक्क बहुमताच्या हाती सोपवायचा नसतो, हे महाडने १९२७मध्ये पाहिले. ज्यांना ते सोसावे लागले, त्यांच्याच नेत्याकडे पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आले.