खेळातून शिक्षण (पूर्वप्राथमिक)

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळू देत शिकवण्याची पद्धती. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये तिचा पाया घातला. लाकडी गोळे व ठोकळे ही त्यांची साधने. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत इंद्रियशिक्षण नेमके बसवलेले होते, मात्र कल्पनेच्या खेळाला तिथे फारशी जागा नव्हती. ती गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात (१९२०) गोष्टी आणि नाटकांना करून दिली.

भावनगरला गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी. महागडी माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांनी ती उणीव भरून काढली आणि, खरे तर, मुलांच्या ओळखीच्या वस्तू वर्गात आल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर जाऊन अंगणात वर्ग भरवू लागली. ही अंगणवाडी. पुढे जवळच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करताना मूल वर्गीकरण शिकते. बिया उचलणाऱ्या त्याच चिमटीत उद्या पेन्सिल धरायची असते. लोट्यातले पाणी पसरट ताटलीत ओतले की कमी-जास्तीचा अंदाज चुकतो, मग पुन्हा ओतावेसे वाटते. भातुकलीत याहून अवघड गोष्ट घडते. पान म्हणजे भाकरी असे सगळ्यांनी मानायचे आणि ते शेवटपर्यंत पाळायचे. आई झालेल्या मुलीला आईसारखेच बोलावे लागते. स्वतःला आवर घालण्याचा एवढा सराव तिला एरवी क्वचितच मिळतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी नेमक्या याच नियमपालनावर बोट ठेवले होते.

साधने मांडणे, बघत राहणे आणि खेळ अडला तर एखादी वस्तू किंवा प्रश्न पुढे सरकवणे, हे बालवाडीच्या ताईचे काम. 'आता सगळ्यांनी लाल रंग भरा' या हुकमाला खेळ म्हणता येत नाही. बाजारातल्या पुष्कळ 'प्ले-वे' पुस्तिका मात्र याच हुकमावर चालतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानून खेळाला मान्यता दिली. त्यासाठी खेळणी, कोडी व बाहुल्यांचा 'जादुई पिटारा' २०२३ मध्ये आला. तरी पहिलीच्या आधी मुलाला लिहिता यावे हा पालकांचा आग्रह अनेक बालवाड्यांत वह्या उघडायला लावतोच.