विजयदुर्ग, चार वाजून दहा मिनिटं

मार्च १७५५ : अकरा महिने आधी

मुंबईकर इंग्रज आणि पुणे यांच्यात करार होतो. कंपनीकडून गव्हर्नर रिचर्ड बुर्चियर, नानासाहेब पेशव्यांकडून कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. दोघांचा शत्रू एकच : विजयदुर्गला बसलेला तुळाजी आंग्रे.

कलमं मोजकीच आहेत. समुद्रावर हुकूम इंग्रजांचा, पण मसलत दोघांच्या विचाराने. हाती आलेली आंग्ऱ्यांची जहाजं निम्मी-निम्मी. किल्ल्यांतल्या तोफा, दारूगोळा, चीजवस्तू पेशव्यांची. या मदतीबद्दल कंपनीला बाणकोट, हिंमतगड आणि पाच गावं.

पेशव्यांनी स्वतःच्या हाताने मराठी आरमार बुडवलं, असा निकाल आज मोबाइलवर अर्ध्या मिनिटात लागतो. त्या काळच्या दक्षिण कोकणात तो इतक्या सहज लागला नसता. कान्होजींचा हा मुलगा पेशव्यांना जुमानत नव्हता आणि ताराबाईंच्या बाजूने होता. वाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी यांतला कुणीच शेजारी त्याच्या त्रासातून सुटला नव्हता. त्याला आवरणं हे पुण्याचं रास्त काम होतं. पण पेशव्यांजवळ फौज होती, तुळाजीला भारी पडेल असं आरमार नव्हतं, म्हणून ते भाड्याने आणलं. खोट कराराच्या पहिल्याच कलमात होती. हुकूम एकाचा आणि विचार दोघांचा असला, की विचार जुळेनासा झाल्याबरोबर नुसता हुकूम उरतो.

एप्रिल १७५५ : दहा महिने आधी

कमोडोर विल्यम जेम्स चव्वेचाळीस तोफांचं ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गावर जातो आणि काही दिवसांत किल्ला पाडतो. किल्ला ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या ताब्यात जातो. कुणाचीच तक्रार नाही. पुढच्या सगळ्या बेफिकिरीचं मूळ बहुधा याच सुरळीत अनुभवात असावं.

नोव्हेंबर १७५५ : तीन महिने आधी

अॅडमिरल चार्ल्स वॉटसनचं राजाचं आरमार मुंबई बंदरात येतं. रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याची पलटण तिथे आधीच येऊन बसलेली. त्याला विलायतेहून धाडलं होतं ते दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जाण्यासाठी. पण दरम्यान इंग्रज-फ्रेंच तह झालेला, त्यामुळे ती मोहीम बारगळलेली. एवढं मोठं बळ हाताशी आहे आणि त्याला काम नाही. मग तुळाजीचं काम आहेच. करार झाला तेव्हा समोर कंपनीची चार गलबतं होती, आता राजाची लढाऊ जहाजं आली. भागीदाराचं वजन इतकं वाढलं, पण भागीदारीचा कागद जुनाच राहिला.

इकडे रामाजीपंत जमिनीवरून तुळाजीची ठाणी एकेक करून घेत विजयदुर्गाकडे सरकत होते.

फेब्रुवारी १७५६, पहिला आठवडा : सहा-सात दिवस आधी

निघण्यापूर्वी मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांची बैठक बसते. विषय एकच : लूट कशी वाटायची. अॅडमिरलला किती, कप्तानांना किती, आणि क्लाइव्हचा वाटा कप्तानाएवढा की जास्त, यावर घासाघीस होते. वॉटसन आपल्या हिश्शातून क्लाइव्हची भर करायला तयार होतो. सगळा तक्ता नीट मांडला जातो, पण त्यात मराठ्यांचा रकाना नसतो. मला विचाराल तर विजयदुर्ग या बैठकीत पडला. पुढे जे झालं ती तिची अंमलबजावणी होती.

११ फेब्रुवारी : आदला दिवस

आरमार विजयदुर्गासमोर येतं. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ आणि त्यांच्याबरोबर कंपनीची जहाजं नि बॉम्बफेकी गलबतं. कंपनीने १७२० साली आणि डचांनी १७२४ साली हाच किल्ला घेण्याचा प्रयत्न केला होता. दोघांनाही हात हलवत परतावं लागलं होतं.

तुळाजी मात्र किल्ल्यात नाही. मेहुण्याच्या हाती किल्ला सोपवून तो रामाजीपंतांच्या छावणीत बोलणी करायला गेला आहे. ही बातमी जहाजांवर पोचते आणि तिथली शांतता संपते. मराठ्यांनी किल्ला बोलणी करून घेतला, तर आतल्या तोफा, माल, खजिना करारानुसार पेशव्यांचा. मुंबईत आखलेल्या तक्त्यात मग वाटायला काहीच उरणार नाही. रामाजीपंतांना जे यश वाटत होतं, ते वॉटसनच्या हिशोबात नुकसान होतं.

१२ फेब्रुवारी, सकाळ : सहा-सात तास आधी

किल्ला स्वाधीन करा, असा वॉटसनचा निरोप जातो. किल्ल्यातून मुदत मागितली जाते. छावणीकडूनही सबुरीचे निरोप येतात. रामाजीपंतांचं चुकलं असेल तर इथे : सबुरी आपल्या फायद्याची आहे हे त्यांना कळत होतं, पण हे समोरच्यालाही तितकंच कळतंय, याचा त्यांना अंदाज आला नसावा.

दुपार : दोन-अडीच तास आधी

सकाळचे मतलई वारे पडले आणि समुद्रावरून खारे वारे सुटले. शिडं भरली. जहाजं दोन रांगा करून वाघोटणच्या खाडीत शिरतात. मोठी लढाऊ जहाजं किल्ल्याच्या बाजूने, बॉम्बफेकी गलबतं त्यांच्या आडोशाने. किल्ल्यावरून तोफा सुटतात आणि जहाजं अगदी जवळून तटावर मारा धरतात.

तुळाजीच्या गुराबा आणि गलबतं तटाखाली एकमेकांना बांधून उभी आहेत. बाहेर पडायला वाट नाही, आणि त्यांना बाहेर काढणारा मालक छावणीत.

चार वाजून दहा मिनिटं

वेळ नोंदवली ती ‘केंट’वरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने. एक बॉम्बगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडतो. हे इंग्रजांचंच जहाज, आंग्ऱ्यांनी पूर्वी पकडून आणलेलं. ते पेटतं. दोरखंडांवरून, शिडांवरून, डोलकाठ्यांवरून आग शेजारच्या गुराबेवर, तिथून पुढच्या. गुराबा, असंख्य गलबतं, गोदीत बांधायला घेतलेली जहाजं, सगळं त्या संध्याकाळी जळालं. सागवान, डांबर, काथ्या, दारू. पेटायला आणखी काय लागतं?

निम्मी जहाजं पेशव्यांची, निम्मी कंपनीची, असं कलम होतं. राखेत वाटा मागायची सोय त्यात नव्हती.

त्यानंतरचे तास

सहा-साडेसहाला तोफा थांबतात. किल्ल्यातही आग लागली आहे. वॉटसनला आता एकच घोर : रातोरात किल्लेदार मराठ्यांना दार उघडून देईल. म्हणून अंधारात क्लाइव्ह पलटण घेऊन किनाऱ्यावर उतरतो आणि किल्ला व रामाजीपंतांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडतो. मित्रफौजेची वाट अडवायला फौज उतरवावी लागली, यावरून त्या मैत्रीची किंमत कळते.

१३ तारखेला पुन्हा मारा. संध्याकाळपर्यंत पांढरं निशाण वर चढतं आणि कप्तान फोर्ब्स माणसं घेऊन आत शिरतो. मराठे आत जाऊ पाहतात तेव्हा त्यांना दारात तलवार दाखवली जाते. थोड्या वेळापुरतं आत सोडा, ऐंशी हजार रुपये देतो, असं मराठ्यांकडून सांगणं झाल्याचं आइव्ह्ज लिहितो. ही एक बाजूची साक्ष आहे. पण कराराने जे आपलंच, त्याच्यासाठी लाच देऊ करायची वेळ आली असेल, तर ती गोष्ट लाच घेणाऱ्या-नाकारणाऱ्याच्या इमानापेक्षा करारावरच जास्त प्रकाश टाकते. आत अडीचशेच्या आसपास तोफा आणि सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. तो मुंबईच्या तक्त्याप्रमाणे वाटला गेला. इंग्रजांकडची मेलेली आणि जखमी माणसं मिळून वीसच्या आत.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला.

१२ ऑक्टोबर १७५६ : आठ महिने नंतर

किल्ला इंग्रज सोडेनात. पुण्याहून तक्रारीची पत्रं मुंबईला जात राहिली. शेवटी कंपनीचे स्पेन्सर आणि बायफिल्ड पुण्यात येतात आणि नवा करार होतो. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळतो. बदल्यात बाणकोट कंपनीकडे कायम, आणि गावं आता पाच नव्हे, दहा. वर आणखी एक कलम : डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यायचा नाही. जुना करार ज्याने मोडला, त्याने नव्यात जास्त मिळवलं.

विजयदुर्गावर पुढे पेशव्यांनी आनंदराव धुळपांच्या हाताखाली आरमार नव्याने उभं केलं. करार झाला त्या सुमारास ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ घेऊन वॉटसन नि क्लाइव्ह मद्रासहून कलकत्त्याच्या वाटेला लागत होते. तिथे त्यांना वर्षभरात एक दुसरा करार करायचा होता, मीर जाफरशी.