लूनर बॉल: पिवळ्या कॅसेटमधले बिलियर्ड्स

पडद्यावरच्या बिलियर्ड्सचे मूळ १९५४ सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विल्यम ब्राउन आणि टेड लुईस यांनी मिडसॅक या संगणकावर पूलचा खेळ चालवून दाखवला. मालवण किनाऱ्यावरच्या घरांत तो पोचला तो ‘लूनर बॉल’च्या रूपाने. कंपाइल या जपानी कंपनीने तयार केलेला हा खेळ पोनी कॅनियनने १९८५ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला.

फॅमिकॉमच्या स्वस्त नकला १९९०च्या दशकात भारतभर विकल्या जात होत्या. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून हा ‘टीव्ही गेम’ कोकणातही आला. अँटेनाच्या जागी गेमची वायर जोडायची, चॅनल जुळवायचा आणि पिवळी कॅसेट खोबणीत दाबून बसवायची. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ कोंबलेले असत. लूनर बॉलचा प्रोग्रॅम अगदी लहान, त्यामुळे अशा कॅसेटमध्ये त्याला सहज जागा मिळे.

बिलियर्ड्सचे खरे मेज म्हणजे स्लेट दगड बसवलेले, सुमारे १२ फूट लांबीचे जडशीळ लाकूडकाम. ते जिमखान्यात शोभते, माजघरात मावत नाही. स्नूकर १८७५च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, तरी सामान्य घरांचा खेळ कॅरमच राहिला.

लूनर बॉल समजून घ्यायला कॅरमच उपयोगी पडतो. पडद्यावर काठी दिसत नाही. नेम धरायचा, खालीवर होणारी जोराची पट्टी हवी तिथे थांबवायची आणि पांढरा चेंडू सोडायचा. रंगीत चेंडू खळग्यात गेले की झाले. सलग तीन फटके वाया गेले किंवा पांढरा चेंडूच खळग्यात पडला, तर एक जीव जातो. मेजे ६०, प्रत्येकाचा आकार वेगळा. खरी गंमत घर्षणाची: ते खेळणाऱ्याला कमीजास्त करता येते. पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकटलेल्या बोर्डावर बोरिक पावडर भुरभुरवली की सोंगटी कशी सुळकन् पळते, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, त्याला ही सोय वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कडेला आपटून येणाऱ्या चेंडूचा कोनही त्याला ओळखीचाच.

पुढे ही दोन्ही कुळे मोबाइलवर एकत्र आली. ‘८ बॉल पूल’ काढणाऱ्या मिनिक्लिप कंपनीनेच कॅरमचाही खेळ काढला आणि त्याला नाव दिले ‘कॅरम पूल’.