वैनगंगेवरून रात्रीचे टपाल

नकाशावर कलकत्ता आणि नागपूर ह्या दोन नगरांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती साकोलीच्या उत्तरेकडून येऊन भंडारा शहराच्या जवळजवळ माथ्यावरच वैनगंगा ओलांडते आणि तेथून वीसेक कोसांत नागपूर गाठते. घाटरस्त्यांचे, नदीच्या उतारांचे आणि लोहमार्गांचे इतिहास आपण आवडीने लिहितो. परंतु ज्या वाटेवर ना मैलाचा दगड ना धर्मशाळा, तिची नोंद जिल्ह्याच्या दप्तरात कशी व्हावी? म्हणूनच जवळजवळ पाव शतकभर ह्या मुलखावरून रात्रीमागून रात्री गेलेल्या टपालविमानांची कथा भंडाऱ्याची म्हणून कोणी सांगत नाही.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई ह्यांचा तीमागे आग्रह होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या नगरांस परतत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने प्रारंभ केलेले हे काम पुढे हिमालयन एव्हिएशनकडे व डेक्कन एअरवेजकडे गेले, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आले.

ह्या कामावरील डाकोटा विमानांत वाट दाखविण्याचे मुख्य साधन म्हणजे रेडिओ कंपास. जमिनीवरील बीकन ठरावीक लहरीवर संदेश सोडी, आणि विमानातील काटा त्या दिशेकडे वळे. ऐकताना हे सोपे वाटते. पण ह्या यंत्राचा खोटेपणा असा विलक्षण की ते बिघडले आहे हे ते स्वतः कधीच सांगत नसे. जवळपास मेघगर्जना होत असली, तर काटा बीकन सोडून विजेच्या ढगाकडे ओढला जाई, म्हणजे ज्या ठिकाणापासून दूर राहावयाचे नेमके तेथेच बोट दाखवी; सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींमुळे तो डोलू लागे; आणि बीकन बंद पडले तरी काटा कोठेतरी स्थिर राहून निर्धास्त वैमानिकाची फसवणूक करी. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चालू राहून खोटी जबानी देणारे यंत्र अधिक घातक, हे त्या पिढीतील वैमानिक पुरेपूर जाणून होते. म्हणूनच काट्यावर नजर ठेवताना बीकनची मोर्समधील ओळखाक्षरे कानांनी ऐकत राहण्याचा दंडक होता.

काटा संशयास्पद ठरल्यावर उपाय काय? पहिला असा की स्वयंचलित व्यवस्था सोडून द्यावी, आकाशकाचे कडे हाताने फिरवावे आणि आवाज ज्या स्थितीत क्षीण होतो तीवरून दिशा काढावी. दुसरा असा की रेडिओ अधिकाऱ्याने जमिनीवरील दिशाशोधक केंद्राला संदेश पाठवून आपली दिशा त्यालाच विचारावी. हे दोन्ही खुंटले म्हणजे उरत ते चुंबकीय होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज. कलकत्त्याहून नागपूर सुमारे सहाशे मैल. ताशी दीडशे मैलांच्या गतीने चार तासांचा प्रवास. एवढ्या वेळात ताशी वीस मैलांचा आडवा वारा हिशेबात धरावयाचा राहिला, तर विमान ऐंशी मैल बाजूला, सिवनीच्या डोंगरांवर नाही तर चांद्याच्या अरण्यावर जाऊन पोहोचे.

येथे भंडाऱ्याची भूमी कामास येते. वैनगंगा ह्या वाटेला आडवी वाहते, तेव्हा ती ओलांडली म्हणजे किती अंतर आलो ह्याचा निर्णय होतो. गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड अशी स्थानके घेत नागपुरास जाणारा लोहमार्ग मात्र वाटेच्या उत्तरेकडून तिरका येऊन मिळतो, तेव्हा तो दिशा सांगतो. अनिश्चित स्थितीतील वैमानिकांची एक जुनी युक्ती अशी की थेट लक्ष्याकडे न जाता हेतुपुरस्सर एका अंगास झुकावे, म्हणजे ओळखीची रेघ लागताच डावीकडे वळावे की उजवीकडे ह्याविषयी संदेह राहत नाही. ह्या मार्गावर उत्तरेस झुकणारा लोहमार्गावर येई आणि डावीकडे वळला की नागपूरच्या दिशेस लागे.

त्यात भर म्हणजे तलाव. कोहळी समाजाने शतकानुशतके बांधलेले हे जलाशय १९५१ साली मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणून सरकारी दप्तरात आले, आणि लोकांनी त्यांचे ‘मामा तलाव’ केले. पावसाळ्यानंतरच्या चांदण्यात इतके पाणी चमकणारा दुसरा प्रदेश ह्या वाटेवर क्वचितच असेल. परंतु भर श्रावणात, जेव्हा विजांनी काटा बिथरतो, तेव्हाच ढगांनी तलावही झाकलेले असतात. निसर्गाचा हा अडमुठेपणा कोणत्याही नियमावलीत दुरुस्त होण्याजोगा नाही.

नवीन साधने आली म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग माँ ब्लाँ पर्वतावर आदळून डॉ. होमी भाभांसह ११७ जण मृत्युमुखी पडले. बैरूतहून निघतानाच त्याच्या दोन व्हीओआर ग्राहकांपैकी, म्हणजे जमिनीवरील रेडिओ केंद्रावरून दिशा दाखविणाऱ्या यंत्रांपैकी, एक नादुरुस्त होता, हे वैमानिकाला ठाऊक होते. पर्वत आपण ओलांडला अशी त्याची समजूत झाली. रडारवरील नियंत्रकाने पर्वत अद्याप पुढे असल्याचे सुचविले, पण त्या शब्दांचा अर्थ त्याने उलट घेतला. नादुरुस्त यंत्राची उणीव भरून काढण्यास दुसरा साक्षीदार हजर होता. त्याची भाषा मात्र संदिग्ध ठरली.

आता हा प्रश्न उपग्रहांपर्यंत गेला आहे. खोट्या संकेतांनी विमानाची स्थिती चुकीची दाखविली जाण्याच्या घटना जगभर वाढल्यावर २०२३ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याविषयी परिपत्रक काढले. गोंदियाजवळचे बिरसी, जेथे इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली, ते १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडत होते. आज तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. काचेच्या पडद्यावर सारा नकाशा उमटत असताही होकायंत्र, घड्याळ आणि खालच्या नदीनाल्यांच्या खुणा ह्यांवरून स्थान काढण्याचे गणित वैमानिकीच्या विद्यार्थ्याला अजून शिकावेच लागते.