हिमावर जगणारे गाव : दावोस

दावोस हे नाव महाराष्ट्राला आता नवे राहिलेले नाही. दरवर्षी जानेवारी उजाडला की ते वृत्तपत्रांतून झळकते. आपले मंत्री तेथे जातात, गुंतवणुकीचे करार होतात आणि त्या करारांच्या आकड्यांवर पुढे महिनाभर वाद रंगतो. १९७१ पासून तेथे भरू लागलेल्या आर्थिक परिषदेने गावाला ही ओळख दिली. परंतु या मंडळींच्या छायाचित्रांत पाठीमागे जे पांढरेशुभ्र दिसते, त्याचा इतिहास करारांहून पुष्कळ जुना आहे आणि, आमच्या मते, अधिक मनोरंजकही आहे. या गावाने ज्या हिमाला मृत्यू मानले, त्यालाच पुढे औषध मानले आणि अखेर त्याच्यावरच पोट भरले.

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात, ग्राउब्युंडेन प्रांतात, सुमारे १५६० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून थोडे खालीच! पण तेथला हिवाळा निराळा. मराठीत आपण हिम आणि बर्फ हे शब्द सरसकट वापरतो, कारण आपल्याला काम पडते ते लादीशी. दावोसकरांचे हिम पिसासारखे हलके उतरते, महिनोन्‌महिने साचते आणि एखाद्या क्षणी डोंगराची अख्खी उतरण घेऊन खाली येते. तेराव्या शतकात वाल्सर नावाचे जर्मन बोलणारे गुराखी येथे स्थायिक झाले, तेव्हापासून या हिमलोटांशी त्यांची गाठ आहे. दावोसजवळच्या फ्राउएनकिर्ख या वाडीतले जुने देऊळ पाहा. त्याची डोंगराकडची बाजू गलबताच्या नाळेसारखी टोकदार बांधलेली आहे. लोट आला तर तो दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावा, ही योजना. प्रार्थनेवर त्यांची श्रद्धा होतीच, पण भिंतीच्या कोनाकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही.

या भयाचे भांडवल झाले ते एका निर्वासितामुळे. अलेक्झांडर स्पेंग्लर हा जर्मन तरुण १८४९ च्या फसलेल्या क्रांतीनंतर स्वित्झर्लंडात पळून आला, वैद्यक शिकला आणि १८५३ मध्ये दावोसला डॉक्टर म्हणून रुजू झाला. येथल्या रहिवाशांत क्षय जवळजवळ आढळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. उंचीवरची कोरडी, थंड हवाच त्याचे कारण, असे अनुमान त्याने बांधले. निरीक्षण मोलाचे होते. अनुमान मात्र तपासून घ्यावयास हवे होते. असो. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी, ऐन हिवाळ्यात, उंगर आणि रिश्टर हे दोन क्षयरोगी तेथे दाखल झाले. छातीच्या रोग्याने थंडीत समुद्रकाठच्या उबदार गावी जावे, ही त्या काळची समजूत. हे दोघे हिमात आले आणि त्यांना उतार पडला. पत्नीच्या आजारामुळे १८६७ मध्ये आलेला होल्सबूर नावाचा डच गृहस्थ स्पेंग्लरला मिळाला. त्याने आरोग्यधामाचा डोलारा उभा केला आणि १८९० मध्ये आगगाडीही वर आणली.

मग सज्जांतून घोंगड्या पांघरून तासन्‌तास पडलेल्या रोग्यांचे ते प्रसिद्ध दावोस उदयास आले. स्टीव्हन्सनने आपली ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी तेथे पुरी केली. टोमास मान १९१२ मध्ये आजारी पत्नीला भेटावयास गेला आणि १९२४ मध्ये ‘मॅजिक माउंटन’ या नावाने इंग्रजी वाचकांना परिचित असलेली कादंबरी त्याने जगाला दिली. आपल्याकडे पाचगणी, मिरज येथील आरोग्यधामांत हवापालट आणि विश्रांतीवर जी भिस्त होती, ती याच विचाराची नात्यातली. या विचाराचा निकाल पुढे औषधांनी लावला, आणि त्यात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या प्रयोगाने दाखवून दिले. दावोसचे सज्जे तोवर रिकामे होऊ लागलेच होते.

गाव बुडाले नाही, कारण दुसरा व्यवसाय आधीच उभा राहिला होता. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याची पत्नी क्षयाने आजारी होती. तिच्यासाठी तो दावोसला राहिला. मार्च १८९४ मध्ये त्याने ब्रांगर नावाच्या दोघा स्थानिक भावांबरोबर, पायांना लाकडी फळ्या बांधून, डोंगर ओलांडून आरोसा गाठले. एक दिवस शेकडो इंग्रज या घसरण्याच्या खेळासाठी स्वित्झर्लंडला येतील, असे त्याने त्याच वर्षी लिहून ठेवले. शेकड्यांचे पुढे लाखो झाले! १९३४ मध्ये दावोसच्या बोल्गेन उतारावर खेळाडूंना ओढून वर नेणारा यांत्रिक दोर बसला आणि चढण्याचे कष्टही संपले.

येथे गोष्ट थोडी गंभीर होते. ज्या उतारांना गुराखी टाळत, त्यांवर आता हौशी लोक पैसे मोजून जाऊ लागले. तेव्हा हिम नुसते ओळखून भागेना, ते मोजावे लागले. १९३६ मध्ये गावाच्या वर, वाइसफ्लूयोख येथे, काही संशोधकांनी हिमाच्याच झोपडीत प्रयोगशाळा मांडली. १९४२ मध्ये तिची सरकारी संस्था झाली. हिमाचा थर म्हणजे एकजिनसी गादी नव्हे, हे या मंडळींनी पायरीपायरीने उलगडले. जमिनीलगतचे हिम तुलनेने उबदार आणि वरचे गारठलेले असले, की खालून वाफ वर चढते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, रवाळ स्फटिक तयार होतात. त्यांच्यावर नव्या हिमाचा भार पडला की तो साखरेचा थर चिरडतो आणि वरचा सारा गालिचा निसटतो. दोष आजच्या हिमवृष्टीइतकाच दोन महिन्यांपूर्वीच्या निरभ्र, कडक थंडीच्या रात्रींचाही असतो. दावोसच्या सर्व संशोधनात आम्हांस ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

१९४५ च्या डिसेंबरात या संस्थेने जनतेसाठी धोक्याची सूचनापत्रके सुरू केली. तरीही १९५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडात ९८ माणसे हिमलोटांत दगावली. त्यानंतर उतारांवर पोलादी अडसर उभे राहिले, जंगले राखली गेली, धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे झाले आणि त्यांतील तांबड्या पट्ट्यात नवे घर बांधण्यास मनाई झाली. स्वतःच्या जमिनीवर घर बांधू न देणे कोणत्याही गावाला गोड लागत नाही. पण १९९९ च्या फेब्रुवारीत तितकेच भयंकर हिम कोसळले तेव्हा, डोंगरांत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माणसे असूनही, मृतांचा आकडा १७ वर राहिला. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र त्याच दिवसांत गाल्ट्यूर आणि लगतच्या वाडीत मिळून ३८ जण गेले.

आता चिंता उलटी आहे. १९७० पासून २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासता, स्विस डोंगरांत हिमाची चादर सरासरी १२ दिवस उशिरा बसते आणि २६ दिवस लवकर उठते, असे आढळले. ज्या मोजपट्ट्या लोटाच्या भयाने रोवल्या, त्याच आता ही तूट दाखवीत आहेत. २००८ पासून दावोसकरांनी एक युक्ती चालविली आहे. हिवाळ्याअखेरीस हजारो घनमीटर हिमाचा ढीग करावयाचा, त्यावर लाकडाच्या भुशाचा हातभर थर द्यावयाचा आणि उन्हाळा काढावयाचा. आपल्या गोळेवाल्याला ही विद्या पूर्वीपासून अवगत आहे! ढिगातला बहुतेक भाग टिकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस भुसा बाजूला सारतात, हिम यंत्रांनी पसरतात आणि फ्लुएला दरीत लांबच लांब पांढरी पट्टी तयार होते. त्या पट्टीवर खेळाडू सराव करीत असतात आणि दोन्ही कडांना गवत अजून उघडेच असते.